वहिनीच्या हाताची चव

ही गोष्ट मी कुंदालाही सांगितलेली नाही. कुंदा म्हणजे माझी बायको. माझ्या बहुतेक गोष्टी तिला माझ्याआधी कळतात — ताप येणार आहे हे, चष्मा कुठे ठेवलाय हे, कुणावर राग धरून बसलोय हे — पण एवढी एक मी तिच्यापासून लपवून ठेवली. तुम्हाला आधी सांगतोय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. म्हणजे बघा, कबुलीची सुरुवातच भित्रेपणाने होतेय. होऊ द्या. माणूस कसा आहे ते निदान तुम्हाला आधीच कळलं.

तुम्हाला वाटेल, सरकारी बाबू होता, काहीतरी खाल्लं-बिल्लं असेल. तसलं नाही हो. मी इकडे मध्य प्रदेशात, बालाघाटात सिंचन खात्याच्या कचेरीत जन्म काढला, फायली सांभाळल्या, निवृत्त झालो, गळ्यात हार घालून घेतला आणि घरी आलो. त्या बाबतीत माझे हात स्वच्छ आहेत. माझी गोष्ट एका ओव्हनची आहे. ओट्यावर मावणाऱ्या, आत पंखा असलेल्या, दुकानातल्या सगळ्यांत स्वस्त ओव्हनची. हसलात ना? मीही पुष्कळ वर्षं हे सगळं हसण्यावारीच नेलं.

ओव्हन मी गोंदियाहून आणला. मुलगी, आमची नेहा, शिकायला जबलपूरला गेली होती आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं होतं. काही कामाने गोंदियाला गेलो होतो, परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून बाजारात फिरत होतो. एका दुकानात ओव्हन चालू करून ठेवला होता. काचेच्या दाराआड पिवळा दिवा, जाळीवर बिस्किटं, आणि ती डोळ्यांदेखत फुगत होती. मी उभाच राहिलो. आम्ही मूळचे खैरलांजीकडचे. लहानपणी वडिलांबरोबर वारासिवनीच्या बाजाराला गेलो की तिथल्या एका भट्टीपुढे मी असाच उभा राहायचो. लांब दांड्याच्या फळीवरून पाव बाहेर येताना बघायचो. मग वडील यायचे, कान धरायचे आणि म्हणायचे, "पाववाला व्हाचं हाय का बे तुले?" नाही म्हणायचो. पण मनात म्हणायचो, हौ.

दुकानदाराने मला बरोबर ओळखलं. "पंखेवाला ले लो साहब, चारों तरफ से सेकेगा," म्हणाला. मी पंखेवाल्यांतला सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत स्वस्त घेतला, सुतळीने बांधून घेतला आणि गाडीत मांडीवर ठेवून बालाघाटला आणला. समोरच्या माणसाने विचारलं, "टीवी है क्या?" मी म्हटलं, "हाँ, छोटा वाला." आता सांगा, का? त्या माणसाला मी ओळखत नव्हतो, पुन्हा कधी भेटणारही नव्हतो. तरी त्याला खरं सांगवलं नाही. खोटं बोलायची सुरुवात घरी पोचायच्या आधीच झाली होती.

कुंदाला मी सांगितलं, गाकरांसाठी आणलाय. हे कारण मी गाडीतच जुळवलं होतं. आमच्याकडे गाकर-भरता हा पुरुषांचा स्वयंपाक. थंडीत वैनगंगेच्या काठावर सहल निघते, गोवऱ्या पेटतात, कणकेचे जाड गोळे त्या आगीत भाजायचे, वांगी भाजायची, वरून तूप ओतायचं — आणि हे सगळं बाप्ये करतात, मोठमोठ्याने गप्पा मारत. त्यांना कुणी हसत नाही. तेच बाप्ये घरी आले की पाण्याचा पेला हाताने भरून घेत नाहीत. तर गाकर म्हटलं की पुरुषाच्या इज्जतीला धक्का नाही, असा माझा हिशोब. कुंदाने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओट्यावरचा पोळपाट उचलून जागा करून दिली. बाकी काही विचारलं नाही.

गाकर मी त्यात एकदाच केले. फोडायला बत्ता लागला. पुढच्या रविवारी दुपारी, स्वयंपाकघराचं दार लोटून, मोबाईलवर बघून केक केला.

आता कुंदाबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुमचा गैरसमज होईल. कुंदाला स्वयंपाक येतो, पण आवडत नाही. वीजबिल भरावं तसा ती तो उरकते. तिचा जीव गाण्यात. लांजीची पोरगी, लग्न होऊन इथे आली तेव्हा आमच्या मोहल्ल्यात सगळीकडे हिंदी. बोलताना बिचकायची, भाजीवाल्याशीसुद्धा. मग तिला इथल्या मराठी बायकांचं महिला मंडळ सापडलं. दर गुरुवारी भजन. तिथे ती तोंड उघडायची तेव्हा माझी बिचकणारी बायको कुठे गेली असं वाटायचं. गुरुवारी संध्याकाळी ती घरी यायची ती गुणगुणतच. हे लक्षात ठेवा, कारण मी काय घालवलं ते यातच आहे.

तर केक. पहिला जळला, दुसरा आतून ओला निघाला, तिसरा जळलाही आणि ओलाही निघाला. स्वस्त वस्तूला स्वभाव असतो, आणि तो ओळखायला वेळ द्यावा लागतो. आमच्या ओव्हनच्या बटणावर आकडे आहेत, पण ते शोभेचे. एकशे ऐंशीवर ठेवा म्हणून सगळे सांगतात. आमच्या ओव्हनचं एकशे ऐंशी म्हणजे नवतपातली, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांतली दुपार. बटण एकशे चाळीसच्याही जरा अलीकडे ठेवायचं. वरची कांडी जास्त तापते, म्हणून सुरुवातीला भांड्यावर स्टीलची ताटली पालथी घालायची. डावीकडचा मागचा कोपरा जाळतो, म्हणून अर्ध्यावर भांडं फिरवायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. जळलेल्या केकांनी शिकवलं. आणि ते जळलेले केक कुंदाने निमूट खाल्ले. म्हणायची, मले जळकी कडच आवडते. तेव्हा वाटलं, समजूत घालते. नंतर चांगले केक व्हायला लागले तरी ती कडच मागायची, तेव्हा कळलं की खरंच आवडते. की मला वाईट वाटू नये म्हणून एकदा बोललेला शब्द ती आजवर पाळतेय? ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

ओव्हनला ती "तुमची पेटी" म्हणते. "तुमची पेटी तापली वाटते," "तुमच्या पेटीनं वीज खाल्ली."

पहिला मनासारखा केक झाला — वर फुगून मध्ये फाटलेला, दह्यातला रवा केक — तो मला एकट्याने खाववेना. सोमवारी डब्यात घालून कचेरीत नेला. माझ्या शेजारच्या टेबलावर कटरेबाबू बसायचे. एक तुकडा तोंडात टाकून ते डोळे मिटून थांबले आणि म्हणाले, "वा! वहिनीनं केला का?"

आणि मी म्हणालो, "हौ."

एवढंच. आमच्या बोलीतलं होकाराचं एवढंसं अक्षर. त्याच्यावर पुढची सगळी वर्षं उभी राहिली.

काहून म्हणालो तसं? तेही सांगतो, पण सुटका म्हणून नाही. त्याआधी आमच्याकडे एक कारकून होते. त्यांच्या बायकोचा हात मोडला होता, तेव्हा ते स्वतः पोळ्या करून डबा आणायचे. पोळ्या वाकड्यातिकड्या असायच्या. कुणीतरी त्यांना "महाराजिन" म्हणालं, म्हणजे लोकांच्या घरी रांधणारी बाई. सगळे हसले. नाव चिकटलं. बदली होऊन गेले तोवर ते महाराजिनच होते. शिपाईसुद्धा पाठीमागे तसंच म्हणायचे. ते कुणीतरी कोण, ते विचारता? मीच. नाव ठेवणारा मी होतो, म्हणून नाव कसं चिकटतं ते मला पक्कं माहीत होतं.

पुढे काय, कटरेबाबूंच्या नातवाचा वाढदिवस, साहेबांकडची पार्टी, दिवाळीची नानखटाई. केक माझा, नाव कुंदाचं. "वहिनीच्या हाताला चव आहे," असं बालाघाटातल्या निम्म्या ओळखीच्या घरांत बोललं जायला लागलं. आणि कुंदा? तिने काय केलं असेल? दारावर कुणी आलं की ती चिमूटभर मैदा घेऊन आपल्या बाहीला लावायची आणि मगच दार उघडायची! मी आत हसू दाबत उभा. पाहुणे असले की "तुमची पेटी" नाही, "माझा अवन". ते दिवस मला अजून गोड वाटतात, खोटं कशाला सांगू? नेहा घरात नव्हती, पण आमच्या दोघांत पोरांसारखा खेळ चालला होता. कुंदा एकदाच म्हणाली, "सांगून टाका ना आता. चांगलंच तर करता." मी म्हटलं, रिटायर झाल्यावर सांगू. तिने पुन्हा विषय काढला नाही.

मग डोंगरेकाकूंनी फर्मान काढलं. डोंगरेकाकू मंडळाच्या सर्वेसर्वा. त्यांना नाही म्हणण्याची प्रथा आमच्याकडे नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुंदाने सगळ्यांसमोर केक करून दाखवायचा. कुंदा त्या गुरुवारी गुणगुणत आली नाही. पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता काय करू?"

त्या क्षणी सगळं मिटलं असतं. मी डोंगरेकाकूंना फोन करून म्हणायचं, काकू, केक मी करतो. चार दिवस हसले असते. पण मी म्हटलं, "मी शिकवतो नं तुले." आणि शिकवलंही. रवा किती, दही किती, सोडा कधी, एकाच दिशेने कसं ढवळायचं. गाण्याच्या चालीसारखं तिने पाठ केलं. पण ओव्हनचं सांगायचं राहिलं. मुद्दाम नाही हो. बटण कुठे थांबवायचं हे माझ्या बोटांना इतकं सवयीचं झालं होतं की ती सांगायची गोष्ट आहे हेच डोक्यात आलं नाही. पालथी ताटली, तो कोपरा, काहीच सांगितलं नाही. इथपर्यंतची चूक मी स्वतःला माफ करू शकतो. पुढची नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी ओव्हन मीच मंडळाच्या सभागृहात उचलून नेला. टेबलावर ठेवला, वायर लावली. बायकांना सोडायला आलेले तीन-चार पुरुष दाराशी रेंगाळत होते, त्यांत कटरेबाबूही. मी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. आत कुंदा नवी हिरवी साडी नेसून टेबलामागे उभी. घाबरली होती, पण ढवळायला लागली तशी सावरली. बोलायलाही लागली — सोडा आत्ता नाही, शेवटी, असं. बायका माना डोलवत होत्या. मला वाटलं, जमलं. मग तिने भांडं आत ठेवलं, दार लावलं आणि हात बटणाकडे नेला.

मी बघत होतो. बटण फिरलं. शंभर, एकशे चाळीस — तिथे थांबलं नाही — एकशे साठ, एकशे ऐंशी. तिने मोबाईलवर कधीतरी ऐकलं असणार. भांड्यावर ताटली नव्हती.

मला दिसलं. मला लगेच कळलं की वरून जळणार आणि आतून कच्चा राहणार. ओव्हन माझ्यापासून फार लांब नव्हता. मी काय म्हणू शकलो असतो? "कमी कर" एवढे दोन शब्द. तेही जड जात होते तर "घरी ती कमी ठेवते" — म्हणजे खोटंच, आणखी एक खोटं, पण तिला वाचवणारं. हे वाक्य मला नंतर सुचलं. तेव्हा फक्त एकच सुचत होतं: मी बोललो तर कटरेबाबू वळून बघतील आणि म्हणतील, तुम्हाले कसं माहीत? आणि मग कुणीतरी ते नाव काढेल. महाराजिन.

मी कटरेबाबूंकडे वळून पेन्शनचा विषय काढला. केक जळायला वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे का? पुष्कळ वेळ लागतो. त्या सगळ्या वेळात बायका वाण लुटत होत्या, तिळगूळ देत होत्या, आणि मला कधीही आत जाऊन बटण मागे फिरवता आलं असतं. कुणाचं लक्षही गेलं नसतं. मी गेलो नाही. कटरेबाबूंशी पेन्शनबद्दल बोलत राहिलो. जळका वास आला तेव्हाही बोलत राहिलो.

कुंदाने दार उघडलं. वाफेने तिचा चष्मा पांढरा झाला. तिने दाराकडे, आम्ही उभे होतो तिकडे, एकदा मान वळवली. मग केक ताटात पालथा केला. वरचा काळा थर सुटून आला आणि आतलं पीठ ताटभर पसरलं.

आधी सगळ्या हसल्या, चेष्टेनेच. कुंदाही हसली. मग पाहुणी म्हणून आलेली एक शेजारीण हिंदीत म्हणाली, भाभीजीने असली चीज़ तो बताई ही नहीं. हसणं थांबलं. आणि डोंगरेकाकू, ज्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्या म्हणाल्या, "हातचं राखून सांगतलं वं कुंदा तुनं."

हातचं राखून. आमच्यात बाईला यासारखं लागणारं दुसरं बोलणं नाही. आळशी म्हणा, भांडखोर म्हणा, चालतं. पण जिने कृती सांगताना मुद्दाम एखादी गोष्ट मागे ठेवली ती कोत्या मनाची. आणि हे कुणाला म्हणाल्या? जिने आपल्या गळ्यातली प्रत्येक चाल बसवून-बसवून त्या सगळ्यांना शिकवली होती तिला. तिच्या ओठांवर उत्तर होतं. "केक हे करतात, मले नाही येत." एवढंच म्हणायचं. हातात पुरावाही होता, पसरलेलं पीठ. ती म्हणाली नाही. माझं नाव तिने घेतलं नाही. ताट उचललं आणि ओल्या फडक्याने टेबल पुसायला लागली.

मी तेव्हा तिथून निघालो. रस्त्यापलीकडे टपरीवर जाऊन चहा घेतला. सगळ्या पांगल्यावर ओव्हन उचलायला परत आलो, जणू सगळा वेळ मी टपरीवरच होतो.

घरी आल्यावर ती भांडं घासत बसली. जळलेलं निघत नव्हतं. वर न बघता तिने विचारलं, "मी बटन फिरवलं तवा तुम्ही होते का तिथं?"

ऐकताय ना? सगळं यासाठीच सांगत होतो. कटरेबाबूंना म्हटलेलं "हौ" ही माझी कबुली नाहीच. ते कुंदाला पहिल्यापासून माहीत. तिला जे माहीत नाही ते हे. मी म्हणालो, "नाही वं. मी चहाले गेलतो."

ती घासायची थांबली. मला वाटलं, पकडला गेलो. आणि ती म्हणाली, "बरं झालं. तुम्ही असते तं तुम्हाले लय वाईट वाटलं असतं."

तिला माझी काळजी वाटली. भर सभेत नाक कापलं गेलं होतं तिचं, आणि तिच्या जिवाला बरं वाटलं ते कशाने, तर मला ते बघावं लागलं नाही याने. त्यानंतर मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक चष्मा शोधायला गेलो.

ती हिवाळाभर मंडळात गेली नाही. उन्हाळाही गेला. गुरुवारी संध्याकाळी ती अंगणात झाडांना पाणी घालायची, गरज असो-नसो. मी रविवारी केक करायचो, कड तिला द्यायचो, ती खायची. पुढे डोंगरेकाकूंच्या नातीचं बारसं निघालं आणि पाळणे कुंदासारखे कुणाला जमत नव्हते. काकू स्वतः येऊन हात धरून घेऊन गेल्या. गुरुवार परत सुरू झाले. पण ते बोलणं राहिलंच. तिने कुणाला लोणच्याचं प्रमाण सांगितलं की कुणीतरी हसत म्हणतंच, "सगळं सांगतलं नं, का हातचं राखलं?" ती हसते. मी तिथे असलो तर दुसरीकडे बघतो.

तुम्ही विचाराल, निवृत्त झाल्यावर सांगणार होता त्याचं काय? सांगितलं नाही. सांगितलं गेलं. नेहा सुट्टीला आली होती. मी गळ्यात टॉवेल अडकवून नानखटाईवर काट्याने नक्षी करत होतो, आणि तिने त्याचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला: "हमारे घर के असली शेफ." संध्याकाळपर्यंत सगळ्या बालाघाटाने पाहिला. मी अंथरुणात तोंड खुपसून बसलो होतो. आणि झालं काय? काहीच नाही. कटरेबाबूंचा फोन आला. म्हणाले, "लपवून काहून ठेवलं बे? मलेही शिकव." त्यांनी पुढच्याच महिन्यात तसाच ओव्हन आणला, आता आम्ही रोज फोनवर मैद्याच्या गप्पा मारतो. ज्या हसण्याच्या भीतीने मी माझ्या बायकोला भर सभेत एकटं उभं केलं, ते हसणं आलंच नाही.

मंडळातल्या बायका मात्र घरी आल्या. डोंगरेकाकूंनी कुंदाला विचारलं, मग इतकी वर्षं आम्हाला का सांगितलं नाहीस? मी समोर बसलो होतो. आता तरी बोलायचं ना? तोंड उघडेपर्यंत कुंदाच म्हणाली, "मलेच तारीफीची हौस होती, काकू. ह्यायले मीच म्हटलं होतं, कोणाले सांगू नका." काकू म्हणाल्या, "लबाडच हायेस." सगळ्या हसल्या. आणि मी उठलो आणि चहा ठेवायला आत गेलो. या वेळी खरोखर चहा ठेवला, एवढाच फरक.

कधी वाटतं, तिला माहीत असेल. त्या पांढऱ्या झालेल्या चष्म्यातूनही मी दिसलो असेन. पण हा विचार माझ्या फार सोयीचा आहे, म्हणून मी तो मनात टिकू देत नाही. तिने विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं. तिने ते खरं मानलं.

मी तिचा किती ऋणी आहे हे मी तिला सांगत असतो, असं समजू नका. आमच्यात तसं बोलत नाहीत. पण बाहीला मैदा लावून दार उघडणारी बायको किती जणांना मिळते? या वयात सकाळी उठून आज काय भाजायचं असा विचार करत मी हसत असतो, आणि हे सुख मला तिने दिलंय. पोळपाट उचलून तिने ओट्यावर जागा केली नसती तर ते खोकं माळ्यावर गेलं असतं. वारासिवनीच्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या त्या पोराचा कान तिने धरला नाही.

आज गुरुवार आहे. ती भजनाला गेलीय. मी चिन्नोर तांदळाच्या पिठाची नानखटाई लावलीय. बटण एकशे चाळीसच्या जरा अलीकडे आहे. डावीकडच्या मागच्या कोपऱ्यातली दोन मी मुद्दाम फिरवली नाहीत, ती तिच्यासाठी.

फाटक वाजलं. गुणगुणतच येतेय. आत आली की पायरीवर चप्पल काढेल, वास घेईल, आणि तुमची पेटी काय म्हणते, असं विचारेल.

कुंदा, मी चहाले नव्हतो गेलो. दारातच होतो. तुनं बटन फिरवलं, ते मले दिसलं होतं.